डोलकाठीखालचा पेपर

सरांच्या होडीची गळती बंद करते असं मी कबूल केलं, तेव्हा मी शिडाच्या होडीत एकदाही बसले नव्हते. हे आधीच सांगते, म्हणजे पुढच्या चुकांचं कुणाला नवल वाटणार नाही.

वाळूजकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं पंक्चरचं दुकान आहे. आमचं म्हणजे माझ्या वडिलांचं, आबांचं. कंपन्यांची शिफ्ट सुटली की तिथं मोटारसायकली रांगेत उभ्या असतात. ट्यूब कानशीनं घासणं, सोल्यूशन लावून ते वाळेपर्यंत फुंकर न घालता थांबणं, हे मी सातवी-आठवीतच शिकले. कॉलेजात जाणारी आमच्या घरातली मी पहिली. इंजिनिअरिंगला, तेही मेकॅनिकलला प्रवेश मिळाला तेव्हा आबांनी दुकानात सगळ्यांना पेढे वाटले आणि कुणी विचारलं की म्हणायचे, "मशिनीचं काहीतरी हाय. मला नका इचारू, तिलाच इचारा." मला विचारलं तर मलाही धड सांगता येत नव्हतं.

पहिल्या वर्षी ड्रॉइंग मला कळायचं नाही. एक दिवस मी दुकानात जुन्या टायरांच्या चळतीवर बोर्ड ठेवून शीट काढत बसले होते. एक पांढऱ्या केसांचे गृहस्थ गाडीचं चाक दुरुस्त होईपर्यंत उभे होते. बराच वेळ ते माझ्या खांद्यावरून बघत राहिले.

"ही कड समोरून दिसते का?" त्यांनी विचारलं.

"नाही. आत आहे."

"मग तुटक रेषेनं काढ. आत आहे म्हणून सोडून द्यायची नसते."

मी विचारलं, तुम्हाला कसं माहीत. ते म्हणाले, "पस्तीस वर्षं पॉलिटेक्निकात हेच ओरडत होतो. पोरं तरी सोडूनच द्यायची."

पुढच्या रविवारपासून मी दर रविवारी संध्याकाळी संभाजीनगरात त्यांच्या घरी ड्रॉइंग शिकायला जाऊ लागले. फीचं विचारलं तर सर ऐकू न आल्यासारखं करायचे. काकू माझ्यासाठी दोन पोळ्या जास्त लाटायच्या आणि "उरल्यात, संपव" म्हणून ताटात टाकायच्या. उरलेल्या पोळ्या दर वेळी गरम कशा, हे मी कधी विचारलं नाही. पण आपण या घराचं काहीतरी लागतो, असं मात्र मला सारखं वाटायचं.

सरांची होडी जायकवाडीच्या पाण्यावर, पैठणच्या अलीकडच्या एका गावाच्या काठाला असते. निवृत्त झाल्यावर त्यांनी ती मुंबईहून जुनी विकत घेतली आणि ट्रकवर घालून आणली. परवानगीचा कागद दरवर्षी नव्यानं काढावा लागतो. राखणीला काठावरचे एक मासेमारी करणारे मामा आहेत. होडी वीसेक फुटांची. डेकच्या खाली वाकून जावं लागेल एवढी खोली, तिच्यात दोन फळ्यांचे बिछाने. शीड ज्या डोलकाठीला बांधतात ती अॅल्युमिनियमची काठी डेकवर उभी नसते. डेकला भोक आहे, त्यातून ती खाली खोलीत उतरते आणि थेट होडीच्या तळावर टेकते. त्यामुळे ती मजबूत राहते. पण डेकला भोक आहे म्हटल्यावर पाणी येणारच. तिथंच गळत होतं.

काकू पूर्वी दर रविवारी होडीत जायच्या. सर सुकाणूला, काकू खाली बिछान्यावर पाय पसरून पेपर वाचत, मधूनच एखादी बातमी वर ओरडून सांगत. मग गळती सुरू झाली. गादी ओली, उशी ओली, बंद खोलीला कुबट वास. काकूंना दम्याचा त्रास. त्यांनी जाणं बंद केलं, त्याला दीड वर्ष झालं होतं. सर एकटे जायचे. थर्मासबरोबर पिशवीत कप मात्र दोन असायचे.

पाऊस झाला की सर डोलकाठीखाली त्या दिवशीचा पेपर पसरून यायचे आणि पुढच्या रविवारी तो घडी करून घरी आणायचे. काकू चष्मा लावून डाग बघायच्या.

"मागच्या खेपेला बशीएवढा होता. आता ताटाएवढा झाला."

"या वेळी पाऊसच जास्त होता."

"मी कुठं काय म्हटलं? कोरडा पेपर आणा, मी येते."

हे त्या हसत म्हणायच्या. सर हसायचे नाहीत. मी समोर बसलेली असायची आणि शीटवर पेन्सिल फिरवत असल्यासारखं करायची.

तिसऱ्या वर्षाच्या गणपतीच्या सुट्टीत मी सरांना म्हटलं, "सर, मी बघू का? मला जमेल." असं आपण होऊन म्हणायची मला सवय नाही.

मला जमेल असं वाटायला कारण होतं. आमच्या घराच्या पत्र्यातून टीव्हीच्या अँटेनाचा लोखंडी पाइप वर गेलाय. टीव्ही कधीच बदलला, पाइप तसाच आहे. त्या पाइपभोवती दरवर्षी पावसाआधी मीच पुट्टी भरते. दोन वड्या मळून एकजीव करायच्या, दाबून बसवायच्या, वरून डांबर. आजवर थेंब गळला नाही. मला वाटलं, हा पाइप आणि ती डोलकाठी, फरक काय तो? पत्र्याच्या ठिकाणी डेक.

सरांनी होडीच्या पुस्तकातलं काहीतरी सांगायला सुरुवात केली होती, तिथं रबर लागतं वगैरे. मी त्यांचं ऐकूनही घेतलं नाही. म्हणजे मान हलवली, पण ऐकलं नाही. मला त्यांना करून दाखवायचं होतं.

मी पुट्टी भरली. डोलकाठीभोवती गोल, छान उतार देऊन, बोट ओलं करून गुळगुळीत केली. डांबर होडीला शोभणार नाही म्हणून वरून पांढरा रंग दिला. मामा काठावर जाळं दुरुस्त करत बघत होते. ते म्हणाले, "ताई, काठी लई हालती बरं का वाऱ्यात."

"घट्ट बसवलीय मामा."

"व्हय, दिसतंय ना. वारं बी दिसंलच मग."

सरांनी पुट्टीवर पाच बादल्या पाणी ओतलं. खाली थेंब नाही. घरी जाताना गाडीत ते शीळ घालत होते. काकूंना त्यांनी सांगितलं, पेपर कोरडा आहे.

पुढच्या रविवारी काकू आल्या. नवीन चादर घेऊन, पेपर घेऊन, सोबत डब्यात चिवडा. मीही होते. वारा चांगला होता. शीड भरलं, होडी एका अंगावर कलली, मी दोरी धरून डोळे मिटून घेतले आणि त्याच वेळी पायाजवळ कट्कन आवाज आला. डोळे उघडले तर माझ्या पुट्टीला आरपार चीर. एका बाजूला नख जाईल एवढी, दुसऱ्या बाजूला चुरा. तेव्हा मला कळलं की आमच्या पत्र्यातला पाइप चाळीस वर्षं उभा असला तरी हललेला नाही, आणि डोलकाठी हलण्यासाठीच असते. शिडात वारा भरला की ती भोकात एका कडेवरून दुसऱ्या कडेवर रेटली जाते. तिला करकचून धरलं तर जे धरलंय तेच फुटणार.

एक लाट डेकवरून गेली. खालून काकूंचा आवाज आला, "अहो, पाणी." मी वाकून पाहिलं. त्यांच्या खांद्यावर, चादरीवर, हातातल्या पेपरावर तपकिरी पाणी टपटप पडत होतं. काकू रागावल्या नाहीत. त्यांनी पेपर झटकला, घडी केला आणि त्या वर येऊन बसल्या. काठाला लागेपर्यंत त्या खोकत होत्या. उतरताना माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, "तू प्रयत्न केलास ना, झालं तर मग."

त्यानंतर तीन दिवस त्यांना दम लागला. मला हे सरांनी सांगितलं नाही. फोनवर मागं खोकला ऐकू आला.

मी दोन रविवार त्यांच्याकडे गेले नाही. सबमिशन आहे म्हणून सांगितलं. सबमिशन नव्हतं.

आबांच्या लक्षात आलं, कारण रविवारी मी दुकानात येऊन बसले होते. त्यांनी एका ट्यूबमध्ये हवा भरून ती पाण्याच्या टबात दाबली आणि बुडबुडे शोधता शोधता विचारलं, "माय, मास्तरांकडं कामून नाय गेली?"

मी सगळं सांगितलं. पुट्टीचं सांगितल्यावर त्यांनी ट्यूब टबाबाहेर काढली.

"पुट्टी? हालत्या वस्तूला?"

"घरच्या पाइपाला लावतो ना आपण."

"घर कुठं जातंय का गं?" ते हसायला लागले. मग माझ्याकडे बघून थांबले. "रबर लावायचं त्याला. चार वर्षं इंजनेरी शिकती आन् पंक्चरवाल्याच्या पोरीला रबर आठवलं नाय?"

"तिसरंच वर्ष आहे," मी म्हटलं.

खरं सांगायचं तर रबर मला आठवलं होतं. सरांनीही रबराचंच सांगितलं होतं. पण सरांच्या होडीला आमच्या दुकानातली ट्यूब लावायची, हे मला नको होतं. कॉलेजात मी दुकानाचं कुणाला सांगत नाही. पुट्टी विकत आणली होती, पाकिटातली. ही गोष्ट मी आबांना तेव्हा सांगितली नाही, आणि आजही सांगितलेली नाही.

पुढच्या रविवारी आबांनी दुकान बंद ठेवलं. असं ते लग्नकार्याशिवाय करत नाहीत. ट्रकच्या ट्यूबचा एक चांगला तुकडा, कानस, सोल्यूशनचा डबा, पावडर, पाइपावर स्क्रूनं आवळायच्या दोन मोठ्या क्लिपा आणि सायकलच्या चाकाची एक तार, एवढं पिशवीत घेऊन आम्ही मोटारसायकलवर काठावर गेलो. सर आधीच येऊन थांबले होते. दोघांनी एकमेकांना नमस्कार केला. आबांनी चपला काठावर काढल्या, होडीवर हात ठेवून तो कपाळाला लावला आणि मग पाय ठेवला. त्यांना पोहता येत नाही. मामांनी विचारलं, "पाव्हणं, भ्या वाटतंय का?"

"भ्या कशाचं? तुम्ही हाय ना काढायला."

"आमी मासे काढतो. माणसं नाय."

माझी पुट्टी छिन्नीनं काढायला तास गेला. ते काम मीच केलं, कुणाला हात लावू दिला नाही. डोलकाठी आणि भोक यांच्यामधल्या लाकडी पाचरी सडल्या होत्या. मामांनी तिथंच बसून बाभळीच्या नव्या तासून दिल्या. मग ट्यूब. काठी उभी असताना ट्यूब वरून घालता येत नाही, म्हणून ती कापून काठीभोवती गुंडाळली. जोडाच्या दोन्ही कडा घासल्या, सोल्यूशन लावलं. ते वाळेपर्यंत सर म्हणाले, "आता दाबूया का?" आबा म्हणाले, "नाय सर. बोटाला चिकटायचं थांबलं की मग दाबायचं. घाई केली तर उद्या उकलतं." सर विद्यार्थ्यासारखे हात मागं बांधून उभे राहिले.

पुढची युक्ती आबांची. त्यांनी ट्यूब काठीवर उलटी बसवली, म्हणजे आतली बाजू बाहेर आणि तोंड वर. खालच्या कडेवर क्लिप आवळली. मग वरची बाजू धरून ती सगळी क्लिपेवरून खाली ओढली, झोपताना पायमोजा उलटा करून खाली सरकवतो तशी, आणि डेकवर भोकाभोवती जी उंच गोल कड होती तिच्यावर दुसऱ्या क्लिपेनं बांधली.

"असं उलटं कशाला?" सरांनी विचारलं. त्यांना माहीत होतं, असं मला आता वाटतं. पण त्यांनी विचारलं.

"पाण्याला वर तोंड दिसलं नाय पायजे," आबा म्हणाले. "तोंड दिसलं की ते घुसतंच."

शिवाय ट्यूब थोडी सैल ठेवली होती, काठी हलली तर हलू द्यायला. काठीच्या मागच्या बाजूला शीड सरकायची खाच असते, तिच्यातूनही पाणी उतरतं म्हणून ट्यूबच्या उंचीला तिच्यात मी रबराची पट्टी कापून ठोकून बसवली. सरांनी बादल्या ओतल्या. मी खाली पेपर पसरून बसले होते.

एक थेंब पडला. मग दुसरा.

वर सर विचारत होते, "काय गं? कोरडं?" मी आबांना खाली हाक मारली. आबा खाली उतरून आले. त्यांनी पेपर पाहिला, छताकडे पाहिलं. खिशातून पावडरचा डबा काढला, ट्यूब आत चिकटू नये म्हणून मारतात ती. काठीचा खोलीतला भाग आधी फडक्यानं कोरडा पुसला आणि छतापासून खालपर्यंत सगळीकडे पावडर फासली. काठी पांढरी झाली.

"वता सर," ते ओरडले.

पाणी ओतलं. आम्ही दोघं गुडघ्यावर बसून बघत होतो. छताला लागून जिथं माझी गळती असायला हवी होती, तिथली पावडर तशीच कोरडी राहिली. खाली वीतभर अंतरावर काठीला एक बारीक भोक होतं, दिव्याची वायर बाहेर काढण्यासाठी पाडलेलं. पाण्याची पहिली रेघ तिथून निघाली, तपकिरी.

आबांनी पान्यानं काठीवर टकटक केलं. भोकाच्या वर आवाज पोकळ. खाली भरलेल्या सिलिंडरसारखा बद्द. ते वरपासून खालपर्यंत वाजवत गेले आणि परत वर आले.

"सर, तुमची काठी पोटात पाणी धरून बसलीय."

काठी आतून पोकळ असते. वर टोकाला दोऱ्यांच्या चाकांसाठी फटी असतात, पाऊस तिथून आत जातो. ते पाणी निघून जावं म्हणून काठीच्या बुडाशी एक भोक ठेवलेलं असतं. आम्ही टॉर्च लावून पाहिलं, तर त्या भोकावर कुंभारमाशीनं मातीचं घर बांधलं होतं. छान गोल, आमच्या भिंतीवर असतं तसंच. बाहेर जायला वाट नाही, म्हणून पाणी काठीत वर वर चढत वायरच्या भोकापर्यंत आलं होतं आणि छतातून गळल्यासारखं पडत होतं. होडी हिंदकळली की जास्त. पुट्टी भरली त्या दिवशी होडी स्थिर होती म्हणून थेंब पडला नव्हता, आज इतक्या जणांच्या वजनानं ती डुलत होती.

आबांनी सायकलची तार आत घातली, फिरवली आणि ओढली. काठीतून तपकिरी पाण्याची धार सुटली. आबांची पँट, माझी सलवार, सगळं भिजलं. पेपरचं विचारूच नका. वरून सर वाकून बघत होते आणि म्हणत होते, "दीड वर्ष. दीड वर्ष मी वर शोधतोय." मग ते डेकवरच बसले.

काकूंच्या खांद्यावर त्या दिवशी पडलेलं पाणी पुट्टीच्या चिरेतलं होतं की काठीच्या पोटातलं, हे मी परत येताना आबांना विचारलं. पाणी तपकिरी होतं, म्हणून मला थोडी आशा होती. आबा गाडी चालवत मागं न बघता म्हणाले, "दोन्ही. चीर बी तुझीच होती की." गाडी वाळूजच्या रस्त्याला लागल्यावर म्हणाले, "पर माशीबी कामाची असती. तिनं बी मन लावूनच बांधलं असंल."

सरांनी लगेच काकूंना बोलावलं नाही. मीच म्हटलं, पाऊस होऊ द्या. परतीचा पाऊस त्या आठवड्यात सलग तीन दिवस झाला. मी कॉलेजात खिडकीजवळ बसून तो बघत होते आणि वर्गात काय शिकवलं ते मला आजही सांगता येणार नाही. रविवारी सर आणि मी गेलो. खाली उतरायला सरांनी मला पुढं केलं. मागच्या रविवारी निघताना आम्ही पसरलेला त्या दिवशीचा दुसरा पेपर तसाच होता. मी तळवा फिरवला. थंड होता म्हणून मला क्षणभर ओला वाटला. पुन्हा फिरवला. गालाला लावून पाहिला.

सरांनी त्याची घडी केली नाही. उघडाच, दोन्ही हातांत धरून गाडीत ठेवला आणि घरी आल्यावर काकूंपुढं टेबलावर पसरला. काकूंनी चष्मा लावला. पहिलं पान, मधलं पान, शेवटचं पान बघितलं. उजेडाकडे धरून बघितलं. मी दारात उभी होते. चपला काढायच्या राहिल्या होत्या.

"नवा पेपर घेऊन ठेवला असेल यांनी वाटेत," काकू मला म्हणाल्या.

"नाही काकू. तारीख बघा."

त्यांनी तारीख बघितली. मग खुर्चीत बसून त्या तो पेपर वाचायलाच लागल्या, आठवडाभर जुना. सर स्वयंपाकघरात जाऊन उगीच भांडी हलवत राहिले.

पुढच्या रविवारी काकू आल्या. या खेपेला चादर जुनी होती. "एकदम नवी नको," म्हणाल्या. त्यांनी आबांनाही बोलावलं होतं, पण शिफ्टचा दिवस होता. आबांनी माझ्याबरोबर निरोप दिला की दोन महिन्यांनी क्लिपा पुन्हा आवळा आणि माशीकडे लक्ष ठेवा. वारा सुटला, होडी कलली. डोलकाठी भोकात हलली, ट्यूब तिच्याबरोबर एका बाजूला ताणली गेली आणि परत आली. मी तिच्यावरून नजर काढली नाही. त्या काळ्या रबरावर कोपऱ्यात आमच्या दुकानाच्या खडूची खूण अजून होती. ती पुसायचं मी ठरवलं होतं. पुसली नाही.

कुणीतरी पाहुणे आले होते सरांचे, पुढच्या महिन्यात. त्यांनी विचारलं, हे कुठून मागवलंत. सर म्हणाले, हिला विचारा. मी सांगितलं, वाळूज रोडला आमचं पंक्चरचं दुकान आहे, तिथून.

पण त्या रविवारचं सांगत होते. काठ बराच मागं पडला होता. खालून पानांचा आवाजही येत नव्हता. मला वाटलं, काकूंना झोप लागली. तेवढ्यात खालून आवाज आला:

"अहो, वैजापूरला कांदा चढलाय म्हणे."

"कितीनं?" सरांनी सुकाणूवरून विचारलं.

"थांबा, पान उलटू द्या."